देवघरातलं कार्ड

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार
आज सकाळी देवाच्या भांड्यांबरोबर ग्रीन कार्डही घासलं.
कार्डाची मुदत जूनमध्ये संपते. नव्या कार्डाचा अर्ज कॉम्प्युटरवरून करायचा, त्यात जुन्याचा फोटो जोडायचा. काल काढून ऋचाला कॉलेजात पाठवला. लेकीचं लगेच उत्तर: "बाबा, इट्स ऑल यलो! नंबर दिसतच नाही."
पिवळं असणारच. दर दसऱ्याला पान्हे, मल्टिमीटर, गाडीची किल्ली आणि कार्ड, सगळ्यांना हळदकुंकू लावतो. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, गावच्या शाळेत पाटीची करायचो तशी. एरवी ते देवघरात ताम्हणाखाली असतं. खिशात झेरॉक्स.
तर लिंबू, मीठ आणि तारेची घासणी. हळद गेली. तिच्याबरोबर नंबराचे शेवटचे आकडे, जन्मतारीख, आणि फोटोतला माझा डावा गाल.
निर्मला बघून: "अहो, समई घासता तसं घासलंत की काय?"
तसंच घासलं होतं.

९ फेब्रु.
झेरॉक्सवरून नंबर मिळाला. अर्ज भरला. ‘ही माहिती आमच्या नोंदीत सापडत नाही, फोन करा.’ तीनदा भरला, तीनदा तेच.
बावीस वर्षं अमेरिकेत. कर भरतो, घर आहे, मुलगी इथेच जन्मली. आणि सापडत नाही.
११ मार्चची तिकिटं आहेत, नि.चं आणि माझं. १६ ला गावी आईचं सहस्रचंद्रदर्शन. तिला एक्क्याऐंशी. मी एकुलता. मंडप, गुरुजी, सगळं सांगून झालंय. कार्डाशिवाय जाता येईल, परत येता येईल का ते ठाऊक नाही.
देवापुढे बसलो. मागावंसं वाटलं नाही. लाज वाटली.

१३ फेब्रु.
पन्नास मिनिटं फोनवर गाणं ऐकलं, मग एक बाई आल्या. आवाज मायाळू. म्हणाल्या, तुमची मूळ फाइल कागदावर आहे, अजून कॉम्प्युटरवर चढलेली नाही. दूरच्या गोदामात आहे. मागवावी लागेल. मग तुम्ही स्वतः इमिग्रेशन ऑफिसात या, पहिला पासपोर्ट घेऊन. खात्री पटली तर नव्या पासपोर्टवर शिक्का देतील, त्यावर प्रवास करता येईल.
"कधी येऊ?"
"मार्च एटीन्थ."
"त्याआधी नाही का? माझी आई..." सांगत गेलो. सहस्रचंद्रदर्शनाला इंग्रजीत काय म्हणायचं कळेना. एक हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा वाढदिवस, असं काहीतरी बोललो. "दॅट इज ब्यूटिफुल, सर." तारीख मात्र तीच.

१५ फेब्रु.
देशपांडे काकांकडे. रिटायर्ड डॉक्टर, इथल्या आम्हा सगळ्यांच्या आधीचे. कार्ड हातात घेऊन, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.
"आमच्या वेळी खरंच हिरवं होतं. तू पिवळं केलंस. आता पांढरं झालंय."
काकू आतून: "अहो, हसू नका त्याला."
मग काका गंभीर. "जाऊ नकोस. तिकडून येताना विमानात चढू दिलं नाही, तर बसशील गावी चार-सहा महिने. नोकरी?"
नोकरी इथल्याच डेटा सेंटरमध्ये. अ‍ॅशबर्नला दुसरं आहे काय! कॉम्प्युटर तापू नयेत म्हणून गार हवा सांभाळायची, हे माझं काम. चार महिने रजा कोणी देणार नाही.
निघताना काकूंनी तिळाच्या वड्या बांधून दिल्या. आजाऱ्याला देतात तशा.

१९ फेब्रु.
आईचा फोन. "दत्तू, चंद्राला अर्घ्य देताना मला उभं राहायचंय. गुडघे साथ देत नाहीत. तू दंड धरशील ना?"
"धरीन."
धरीन म्हणालो. फोन ठेवल्यावर नि. भांडी लावायला उठली. तिचं ते भांडी लावणं

२० फेब्रु.
काल वाक्य अर्धंच राहिलं. राहू दे.

२३ फेब्रु., रविवार
नि.शी बोलणं झालं, पोहे करता करता.
"आईंना सांगितलंत?"
"सांगतो."
"कधी? मंडप उभा राहिल्यावर?"
मी म्हणालो, काहीही होवो, जाऊ. होईल ते होईल. तिने गॅस बंद केला. "तुम्ही तिकडे अडकलात तर मी इथे एकटी काय करू? आणि आईंना तरी बरं वाटेल का, आपल्या पायी पोरगा अडकला म्हणून?"
पोहे थोडे करपले होते. दोघांनी खाल्ले.

२ मार्च
आईला सांगितलं. सगळं. घासण्यासकट.
आधी कळलंच नाही तिला. मग इतकी हसली की ठसका लागला, शेजारची सुमन पाणी घेऊन धावली. "अरे, पितळ आहे का ते? माझ्याकडून एवढंच शिकलास?"
मग ठसका थांबला. मी म्हणालो, तारीख पुढे ढकलूया का.
"नको रे. माझ्या वयाला पुढची तारीख धरवत नाही. गुरुजी ठरलेत, आचारी ठरलाय." आणि थोड्या वेळाने, "तू ये निवांत. मी काही कुठे जात नाही."
फोन तिने ठेवला नाही, मीही नाही. तिच्या अंगणातला कावळा ऐकू येत होता.

५ मार्च
ऋचाला फोन केला. सहज सुचलं असं लिहिणार होतो. सहज नाही. तीन दिवस डोक्यात होतं, शब्द काढायला भीती वाटत होती. तिची सुट्टी ८ ते १६. मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायचं कधीचं ठरलेलं.
"ऋचा, तू जाशील का? माझ्या जागी?"
"मी? बाबा, आय डोन्ट नो हाउ टु डू एनी ऑफ इट."
"करायचं काही नाही. आजीचा दंड धरायचा. पडू द्यायचं नाही."
"दॅट्स इट?"
"एवढंच."
"शी विल आस्क मी अबाउट लग्न."
"विचारेल."
पलीकडे कीबोर्डची टकटक. मग, "परतायला दोन दिवस उशीर होईल. प्रोफेसरला ईमेल करते."
नि. शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने माझ्या खांद्यावरचा कपडा नीट केला. कपडा नीटच होता.

८ मार्च, शनिवार
ऋचा घरी आली. दिवाणखान्यात सराव. मी आई झालो, गुडघे वाकवून. तिने दंड धरला. "बाबा, यू आर हेवी."
"आजी हलकी आहे."
"हाउ लाइट?"
मी पुन्हा गुडघे वाकवले. दोन वर्षांत उचलून पाहिलेलं नाही.
नि.ने हिरवी नारायणपेठ काढली. ऋचा म्हणते, नेसवणार कोण? "सुमनमावशी नेसवेल. आणि फोटो काढायचे, रील नाही." "आई, प्लीज."
घरात हसणं आहे. बरं वाटतंय, आणि नाहीही.

११ मार्च
सकाळी पूजा लवकर उरकली. विमानतळावर सोडून आलो. आत जाताना ऋचाने वळून विचारलं, "कोणता हात, बाबा? उजवा की डावा?"
"डावा. तिचा उजवा अर्घ्याला लागेल."
मान डोलावली, परीक्षेला निघाल्यासारखी. नि.ने हात केला. मग दोघी दिसेनाशा झाल्या.
गाडीत बसून आईला फोन लावला. निघाल्या म्हणालो. "तू जेवलास का?" एवढंच विचारलं तिने.
पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला जायचं. फाइल गोदामातून आली की नाही, कोणी सांगत नाही. शिक्का मिळाला तर एप्रिलात निघेन. नाही मिळाला तर, ते तेव्हा पाहू.
माझं तिकीट रद्द केलं. लेकीला माझ्या जागी पाठवलं.