मुजऱ्याआडचा आवाज

सांगली, रविवार, १० नोव्हेंबर १९४६

पाठ मोडली! काल तीन अंकांत अकरा मुजरे. सकाळी बायकोनं, भामानं, हाताला धरून बसवलं तेव्हा कुठं ताठ झालो.

कुणाला सांगणार? कंपनीत सगळ्यांना शपथ घातलीय. म्हणून या वहीत. दिवाळीत हंबीररावांचा घसा गेला. हंबीरराव म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे मालक आणि नायकही तेच. वीस वर्षं सरदाराचं काम करतात. आता तोंडातून शब्द फुटत नाही. काही हवं असलं की नुसते ओठ हलवतात आणि त्यांची बायको, राहीबाई, ते वाचून आम्हाला सांगतात. कंपनी बसलीच होती. तेव्हा सगळ्यांना मी आठवलो — बिराप्पा, तुला समद्यांचे आवाज येतात, मालकांचा काढ! काढला. पोरपणी आटपाडीच्या माळावर मेंढरं राखताना लांडग्याचा आवाज काढायचो, मालकांचं काय घेऊन बसलात!

आता सरदार पुढं उभा राहून ओठ हलवतो आणि मी विंगेतून बोलतो. मिशा दुप्पट झुबकेदार लावल्यात, त्यामुळं कुणाला कळत नाही. पण नाटकात मी सरदाराचा हुजऱ्या! दोघं एकदम लोकांसमोर असलो की काय करायचं? तोड मीच काढली. सरदाराचं वाक्य आलं की मी मुजऱ्याला वाकायचं. तोंड स्टेजच्या फळ्यांकडं, आवाज मालकांचा. मग उठायचं आणि माझ्या चिरक्या आवाजात उत्तर द्यायचं. लोक पोट धरून हसतात. त्यांना वाटतं, हुजऱ्याला मुजऱ्याचं येड लागलंय.

बोलायचं मी आणि टाळ्या त्यांना. वर हसतात मला!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पेपरात आलं. आप्पासो — आमचा प्रॉम्प्टर — चहा पिता पिता मोठ्यानं वाचत होता. 'हंबीररावांचा आवाज पन्नाशीतही खणखणीत आहे. तिसऱ्या अंकातील पुत्राच्या प्रेतावरील भाषणाने पाषाणालाही पाझर फुटावा.' आणि शेवटी एक ओळ — 'विनोदी पात्राने आपले मुजरे अंमळ कमी करावेत.'

कमी करावेत! अरे शहाण्या, मुजरे कमी केले तर तुझा खणखणीत आवाज येणार कुठून?

आप्पासो म्हणाला, "आरं, मनावर काय घेतूस गड्या." पेपर त्याच्या हातातून ओढला आणि चुलीत घातला. त्याचा चहा सांडला. सांडू दे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

भाषणाला वन्समोअर! मालकांनी छातीवर हात ठेवून लोकांना नमस्कार केला. माझ्या आवाजाबद्दल!

रविवार, २४ नोव्हेंबर

आज सरळ जाऊन उभा राहिलो. मालक खाटेवर टेकून बसलेले, बाई सुपारी कातरत होत्या.

म्हणालो, "मालक, बोर्डावर माझं नाव पायजे. हुजऱ्या म्हणून न्हाई. आवाज बिराप्पाचा, असं."

मालकांनी ओठ हलवले. बाई म्हणाल्या, "त्ये म्हणत्यात, लोकं आवाज ऐकाय येत न्हाईत. हंबीररावाला बघाय येत्यात. तीस माणसं जेवत्यात या नावावर. जरा दम धर."

दम धर! किती? म्हणालो, त्या भाषणाला लोक रडतात ते कुणामुळं? माझा लेक केरबा तीन वर्षांचा होऊन गेला, त्या दिवशी मिरजेत खेळ होता. प्रेत घरात आणि मी तोंडाला पांढरं फासून लोकांना हसवत होतो. रडायचं राहूनच गेलं. आता रोज तिसऱ्या अंकात रडतो — आणि तेही दुसऱ्याच्या नावावर!

बाईंचा अडकित्ता थांबला. मालक माझ्याकडं लय वेळ बघत राहिले. मी आपला उठून आलो.

भामाला सांगितलं तर म्हणते, "आवं, हाय ते बरं हाय. कोण वळखतं आपल्याला?" तेच तर म्हणतोय मी, बाई! तेच!

विटा, गुरुवार, १२ डिसेंबर

इथले सोन्याचं गलाईकाम करणारे गावाकडं आलेत. एक मद्रासहून आलेला. भाषण संपल्यावर तो धोतराचा सोगा सावरत थेट वर चढला. मालकांच्या बोटात अंगठी घातली आणि ओरडला, "असला आवाज अख्ख्या मुलखात न्हाई!"

मी झाडाच्या पडद्याआड, मालकांच्या पाठीमागं हातभर अंतरावर. डोळ्यांतलं पाणीही पुसलं नव्हतं.

खेळ झाल्यावर मालकांनी मला बोलावून ती अंगठी हातात ठेवली. मी खाली टाकली. म्हणालो, "अंगठी नको. नाव द्या." ती पेट्यांच्या मागं गेली. बाई कंदील घेऊन शोधत बसल्या. मी शोधायला वाकलो नाही. वाकून वाकून वीट आलाय.

औंध, बुधवार, ८ जानेवारी १९४७

यमाईची जत्रा. तंबूत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुऱ्हाड स्वतःच मारून घेतली पायावर. सगळं लिहितो.

दुसऱ्या अंकात सातवा मुजरा घातला आणि पाठीत अशी कळ आली की डोक्यात भडकाच उडाला. उठलो आणि सरदाराला सोडून सरळ लोकांपुढं गेलो. म्हणालो, "मंडळी, थांबा! त्यो आवाज मालकांचा न्हाई. माझा हाय! ऐका!" आणि तिथंच, भर उजेडात, तोंड वर करून, तिसऱ्या अंकातलं भाषण सुरू केलं. 'ऊठ लेकरा, दारात घोडं उभं आहे...' सगळा जीव ओतला. विंगेत आप्पासोनं डोकं धरलं होतं.

क्षणभर तंबू चिडीचूप. वाटलं, कळलं! आता कळलं!

आणि मग पिटातून एक जण ओरडला, "आयला, काय हुबेहूब काढतंय बघा मालकांचा आवाज!" जो हशा उठला! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. 'ऊठ लेकरा' म्हटलं की हशा. डोळ्यांना पाणी आलं तर आणखी हशा. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. वन्समोअर! नक्कल वन्समोअर!

खरं सांगितलं तरी ही माणसं हसतात. तोच आवाज, तेच शब्द. माझ्या तोंडातून आले की विनोद!

मालक रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मी झिडकारला.

गुरुवार, ९ जानेवारी

अठरा मुजरे. मुद्दाम घातले. मोडू दे पाठ.

सातारा, रविवार, १९ जानेवारी

ठरलं. उद्याच्या खेळाला तिसऱ्या अंकात बोलणार नाही. उभा राहीन, पण तोंड उघडणार नाही. ओठ हलवा म्हणावं किती हलवायचेत ते! लोकांना कळू दे सरदाराच्या पोटात किती आवाज आहे. हशा त्यांच्याही वाट्याला येऊ दे एकदा.

भामाला बोललो. तिनं भाकरी थापायची थांबवली. "आवं, त्येंच्या मिठाला जागा. आसं करू नगा." मीठ! तीन महिने माझा घसा खातायत सगळे, त्याचं काय?

मंगळवार, २१ जानेवारी

केलं. काल गप्प बसलो.

तिसरा अंक. पोराचं प्रेत पुढं, मालक गुडघ्यावर. त्यांनी ओठ हलवले. मी पडद्याआड हाताची घडी घालून उभा. आवाज नाही. त्यांनी पुन्हा हलवले. आप्पासो पलीकडच्या विंगेतून हातवारे करत होता, पाया पडत होता. मी हललो नाही. मागच्या बाजूला कुणीतरी शिट्टी मारली. आणखी एक.

मालकांनी मान वळवून पडद्याकडं बघितलं. माझ्याकडं. फार वेळ नाही. मग पोराच्या कपाळावर हात ठेवला —

आणि बोलले! मालक स्वतः बोलले! 'ऊठ लेकरा, दारात घोडं उभं आहे.' भरदार, घंटेसारखा आवाज. मी विसरलो होतो तो किती मोठा आहे. दोन वाक्यं तशीच आली. तिसऱ्या वाक्याला धोतर फाटावं तसा टरकन फाटला. तरी थांबले नाहीत. नुसत्या श्वासावर बोलत राहिले. मागं काही ऐकू येईना. तेव्हा पिटातली माणसं उठली, चपला हातात घेऊन हळूच पुढं आली आणि फळ्यांना टेकून बसली. कुणी हसलं नाही.

आणि मला काय वाटलं? लाज? छे! अंगाचा तिळपापड झाला. आवाज होता यांना! तीन महिने मला वाकवलं, पाठ मोडली, आणि आवाज होता! फसवलं! त्यांचा घसा फाटल्यावर मी बोलू शकत होतो. शब्द तोंडात तयार होते. रागानं दात आवळून उभा राहिलो.

आज सकाळपासून पेटी भरतोय. या कंपनीत पाणी पिणार नाही.

बुधवार, २२ जानेवारी

गाडीला बैल जोडत होतो तेव्हा राहीबाई आल्या. वाटलं, शिव्या देतील. मीच आधी तोंड सोडलं. आवाज होता तर लपवला का? हसं करायला मीच सापडलो?

त्या शांत होत्या. म्हणाल्या, "घसा गेला नव्हता रं, बिराप्पा. मिरजेच्या डाक्टरनं बजावलं हुतं. चार म्हयने मुक्यागत ऱ्हायचं. एक शब्द काढला न्हाई तर समदा आवाज माघारी यील. काढला तर कायमचा जाईल. म्हयनाच ऱ्हायला हुता."

कासरा हातात तसाच राहिला. शेवटी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"मी सांगा म्हणत हुते. सांगलीत तू केरबाचं बोललास, त्या दिवशी तर हट्टच धरला. ह्ये न्हाई म्हणाले. मालकाचा आवाज माघारी येणार म्हटल्यावर त्यो पाव्हण्यागत बोलंल, म्हणाले. आत्ता मालकागत बोलतोय. बोलू दे त्येला."

पदरानं डोळे पुसले आणि गेल्या. मी गाडीच्या जुवावर बसून राहिलो. दुपारी भामानं पेटी पुन्हा आत नेली.

शनिवार, २५ जानेवारी

मालकांना भेटायला दोनदा दारापर्यंत गेलो. दोनदा मागं फिरलो. मी! ज्याला समद्यांचे आवाज येतात!

रविवार, २६ जानेवारी

तंबूच्या दारात नवा बोर्ड लागलाय. 'सरदाराच्या भूमिकेत — बिराप्पा.' वीतभर अक्षरं, रंग अजून ओला. आप्पासो म्हणाला, पहाटेपासून मालक स्वतः बसून रंगवत होते.