चौदा गोळ्यांची वाटणी

“सगळ्यांनी ठरवलं, मी एकटा काय करणार?” करणदादा, हे तू फोनवर तिसऱ्यांदा म्हणालास. ऊसतोडीच्या टोळीत आपण बारा माणसं. मला वगळलं तर अकरा. त्या अकरांत तू होतास की नव्हतास, एवढंच सांग. ते सांगत नाहीस आणि फोन ठेवतोस. म्हणून कागदावर लिहितो. कागद फोनसारखा मध्येच बंद करता येत नाही.

तर मी, दिलवरसिंग उदेसिंग पाडवी, वय तेवीस, आश्रमशाळेत पाचवीपर्यंत शिकलेला, राहणार खापरच्या वरचा पाडा, तालुका अक्कलकुवा, धंदा ऊसतोड, आज सुरतच्या दवाखान्यात खाटेवर बसून, डोकं ठिकाणावर असताना, कोणी धाक न घालता माझ्यामागच्या वाटणीचा हा कागद लिहून ठेवतो. शेजारच्या खाटेवरचे पितांबरकाका तहसीलीत शिपाई होते. म्हणाले, “आधी नाव-गाव, मग मालमत्ता. भांडण शेवटी लिही.” पण माझ्याकडे मालमत्ता कमी आणि भांडण जास्त, म्हणून जसं आठवेल तसं लिहितो.

कारण असं. उजव्या नडगीला कोयता लागला. फडाजवळच्या डॉक्टराने सात दिवसांच्या चौदा गोळ्या दिल्या. त्या मी पालावर आणून सगळ्यांसमोर ठेवल्या. तुझा तळहात चिरलेला, मोतीलाल मुकादमाच्या मांडीला गळू, इंद्रसिंगची दाढ सुजलेली. आपल्याकडे लाह असते, आज एकाच्या शेतात सगळे राबतात, उद्या दुसऱ्याच्या. तशीच मी गोळ्यांची लाह केली. माझ्या वाट्याला पाच आल्या. मुकादम म्हणाला, “दिल्या, तू खरा आपला माणूस.” मी दोन दिवस छाती फुगवून फिरलो. ही चूक माझी, ती कोणावर ढकलत नाही.

अर्धवट खाल्ल्या म्हणून आता त्या गोळ्या माझ्या जखमेतल्या जंतूंना लागू पडत नाहीत. डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते संध्या सिस्टरने अहिराणीत समजावलं. ती शहाद्याकडची आहे. म्हणाली, “जंतू बी एकमेकसंगे बोलतस, भाऊ. थोडा ऱ्हायनात तं गपचूप बसतस. गर्दी व्हयनी का मग सगळा एकदम उठतस.” म्हणजे प्रत्येक जंतू काहीतरी रस सोडतो. रस दाट झाला की त्यांना कळतं, आपण पुरेसे झालो. मग सगळे मिळून विष सोडतात आणि अंगावर आपल्या तंबूसारखं चिकट पाल बांधतात, आत औषध शिरत नाही. उद्यापासून मला एक नवीन मलम लावणार, त्याची अजून चाचणी चालू आहे. ते जंतूंना मारत नाही, त्यांना बहिरं करतं. बोलणं तुटलं की ते एकेकटे पडतात, मग इंजेक्शन काम करतं. खात्री नाही, असं बाईंनी दोनदा सांगून अंगठ्याऐवजी सही घेतली. दहा दिवसांत नाही जमलं तर गुडघ्याखाली पाय जाईल. विष रक्तात चढलं तर मीच जाईन.

मी बाईंना विचारलं, ठरवायला किती जंतू लागतात? त्या हसल्या. मला हसू आलं नाही. आपल्या पालावर अकरा लागले.

एकटा कोणीच मला टाकून गेला नसता, दादा, हे मला माहीत आहे. तूही नाही. पण दोन दिवस तुम्ही बांधावर जोडी-जोडीने कुजबुजत होता. मी आत तापात पडलेलो, मला वाटलं माझ्या औषधाचंच बोलताहेत. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. तू म्हणालास, “पुढच्या फडावर पाल टाकतो, सांजेला न्यायला येतो.” तुझ्या बायकोने, रुपावहिनीने, उशाशी पाण्याचा हंडा ठेवला आणि भाकरी ठेवल्या. सांजेपर्यंतच्या माणसाला दोन पुरतात. तिने पाच ठेवल्या. मी त्या मोजल्या तेव्हा ट्रॅक्टर निघून गेला होता. चौथ्या दिवशी उसाच्या रसाची गाडी हाकणाऱ्या परक्या माणसाने मला उचलून दवाखान्यात आणलं. माझ्या वाट्याच्या सऱ्या आता इंद्रसिंग तोडतो आहे, हेही नंतर फोनवर कळलं.

आता वाटणी.

बापाच्या वनहक्काच्या जमिनीतला माझा हिस्सा आई जमनाबाई हिने जिवंत असेपर्यंत कसावा. दोन शेळ्याही तिच्याच. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भोवरा आहे, हा एका जागी ठरायचा नाही. तिला सांगा, ठरलो.

नाल्यावरच्या माझ्या दोन मोहाच्या झाडांतलं एक रुपावहिनीला. पाच भाकरींबद्दल. ती तोंडाने बोलली असती तर दोन्ही झाडं दिली असती. दुसरं आईला.

होळीला नाचताना बांधतो तो घुंगरांचा पट्टा त्या अकरांपैकी कोणी कमरेला लावू नये. पाड्यावर टांगून ठेवा, वाजला तर वाऱ्याने वाजू दे.

मोतीलाल मुकादमाने मी गेल्यावरच्या जेवणाला येऊ नये. आलाच तर वाढा, पण “दिल्या आपला माणूस” असं म्हणू देऊ नका.

कोयता करणदादाला. आपण एकाच दगडावर धार लावायचो.

एवढं वाचून पितांबरकाका म्हणाले, “अरे, ज्याने टाकलं त्यालाच हत्यार देतोस?” मी म्हटलं, मग कोणाला देऊ?

सही: दिलवरसिंग उदेसिंग पाडवी

साक्षीदार: १) पितांबर, खाट नंबर नऊ, मूळ खांडबारा. २) संध्या सिस्टर. सही करताना म्हणाली, “कागद व्हयना ना? आते गोळी खाय.”

ठिकाण सुरत. तारीख १७ फेब्रुवारी २०२५.

सहीनंतर सुचलं तेही धरावं. दादा, तुझा तळहात अजून वाहतो, हे वहिनी परवा फोनवर बोलून गेली. तूही त्याच चौदातल्या तीन खाल्ल्या आहेस. म्हणजे तुझ्या हातातही ते जंतू गप बसून आपली माणसं मोजत असतील. तू उद्याच दवाखान्यात जा. मुकादमाला विचारू नकोस, कोणाला विचारू नकोस, एकटा जा. डॉक्टर देईल त्यातली एकही गोळी वाटू नकोस, शेवटची संपेपर्यंत खा. माझ्या खर्चीतलं, म्हणजे हातखर्चाच्या उचलीतलं, उरलेलं सिस्टरच्या फोनवरून वहिनीच्या खात्यात टाकतो. जाण्या-येण्याचं भाडं, केसपेपर आणि पूर्ण औषध धरून, एका माणसाचं, रुपये आठशे चाळीस फक्त.