निरोप पुढे पाठवणारा डबा

सोम., ४ मे १९९८
कॉम्प्युटर सेक्शनची नवी खोकी अखेर सापडली. कागदावर ‘स्विच’ वाचून स्टोअरवाल्यांनी ती बिजलीच्या गोडाऊनला पाठवून दिली होती. आठवडाभर आमचं नेटवर्क ट्यूबलाइटच्या पट्ट्यांशेजारी झोपलं होतं. सेक्शनप्रमुख तिवारीसाहेबांनी नारळ फोडला. पाणी खोक्यावर.
हैदराबादच्या ट्रेनिंगचंही आलं. महिनाभर. जागा एक. जो जाईल, त्याच्या हाती पुढे सगळं नेटवर्क. नाव शुक्रवारपर्यंत. पंच कार्डांपासून या सेक्शनमध्ये मीच आहे, हे साहेबांनाही ठाऊक. तरी म्हणाले, “मैडम, घर से पूछ लीजिए.” काल-परवा नोकरीला लागलेला दुबे शेजारीच उभा होता. त्याला घर आहे की नाही, कोणी विचारलं नाही.
घरात पाय ठेवला तर मामाजी: “त्याले सांग, कूलरमंधी पानी नाही.” ‘तो’ म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा, समोरच्याच खुर्चीत. पेपराआडून हे: “बाबाले सांग, टाकून राहिलो.”
चार उन्हाळे झाले दोघं बोलत नाहीत. कारण, कूलर कोणत्या खिडकीत लावायचा. मध्ये मी. पगार नाही, रजा नाही.
हैदराबादचं काढलंच नाही. काढणार कोणाजवळ?

मंगळ., ५ मे
डब्यासोबत आलेलं पुस्तक वाचायला घेतलं. साहेबांना शुक्रवारी सगळं समजावून सांगायचं आहे.
हब: एकाने म्हटलं की सगळ्यांना ऐकू. लग्नाच्या मांडवातली माझी नणंद.
स्विच: कोण कोणत्या दाराशी बसतो ते ध्यानात ठेवतो, निरोप फक्त त्यालाच देतो. ध्यानात कसं ठेवतो? जो बोलतो, त्याची नोंद होते. जो गप्प, त्याचा पत्ताच नाही. त्याच्या नावाचं काही आलं की सगळी दारं ठोकत सुटायचं. आणि बराच वेळ कोणी बोललं नाही तर त्याचं नाव पुसून मोकळा. किती सुखी डबा!
दुपारी साहेबांचं वेगळंच. पुस्तकातलं ‘लेयर टू’, ‘लेयर थ्री’ वाचून आले होते. “अकाउंट्सवालों को थ्री, और हमको टू? हम क्या उनसे जूनियर हैं?” म्हटलं, सर, तो ग्रेड नव्हे. पटलं नाही. थ्रीचा डबा आपल्या केबिनमध्ये ठेवायचा म्हणतात. काचेच्या कपाटात, शिल्डांच्या शेजारी. तिथं एकही वायर जात नाही.

बुध., ६ मे
लेयर टू, लेयर थ्री आज नीट उमगलं. एकाच डब्यात दोन वेगळी जाळी करता येतात. भिंत नको, काही नको. वायरी खेटून, पण इकडचा शब्द तिकडे जात नाही. लेयर टूला फक्त आपली गल्ली ठाऊक. या जाळ्यातून त्या जाळ्यात न्यायचं तर वाट काढणारा लागतो, तो लेयर थ्री.
वाचून हसू आलं, मग नाही आलं. सेक्टर १० मधल्या आमच्या दोन खोल्यांत हे काम मी कुठलंही ट्रेनिंग न घेता करते आहे.
आणखी एक. निरोप पुढे धाडायच्या दोन तऱ्हा. ‘स्टोअर अँड फॉरवर्ड’: आधी पूर्ण ऐकायचा, तपासायचा, बिघडलेला असेल तर फेकायचा, चांगला तेवढा पुढे. ‘कट-थ्रू’: नाव वाचलं की तसाच सोडायचा. जलद. आत घाण असली तर घाणीसकट.
मी पहिल्या तऱ्हेची. पुस्तकाच्याही पुढची. बिघडलेला निरोप मी फेकत नाही, धुऊन देते.

गुरु., ७ मे
आज कट-थ्रू.
मामाजींचा रेडिओ चालू. हे ड्यूटीवर निघालेले, बुटाची नाडी बांधत: “त्या म्हाताऱ्याले सांग, आवाज कमी कर म्हना. तू बहिरा झाला तं साऱ्या सेक्टरनं कावून आयकाचं?”
मी आत गेले. बातम्या वाचतात तशा आवाजात सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘म्हाताऱ्या’सकट.
मामाजींनी रेडिओ बंदच केला. “असा म्हनला?”
“असेच म्हणले. रोजच म्हणतात.”
“मंग तू आजवर काय सांगत होती?”
“‘बाबा, आवाज जरा कमी करता का?’ हे.”
“ते तुयं होतं?”
“माझं होतं.”
चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “मले वाटे, पोरगा नरमला.”
चार वर्षं म्हातारा माझ्या वाक्यांना आपला मुलगा समजत होता. आणि नरमलेल्या मुलाशी आपण होऊन एक शब्द बोलावा असं त्याला तेव्हाही वाटलं नाही. मी कोणासाठी धूत बसले होते?
चहा नेऊन दिला. घेतला नाही.

शुक्र., ८ मे
साहेबांना सांगून झालं. दुबे माना हलवत होता, त्याला हब आणि स्विच अजून एकच वाटतात. शेवटी साहेब: “तो मैडम, घर से पूछ लिया?”
“हो सर.”
“क्या बोले?”
“किसी ने कुछ नहीं कहा.”
खोटं नव्हतं. साहेबांनी नाव लिहिलं माझं. खाली दुबेचंही. “घर का मामला है, मैडम, कभी भी कुछ हो जाता है.” सोमवारी पक्कं करणार. म्हणजे दोन दिवस माझं घर काय करतं, याची वाट बघणार.

शनि., ९ मे
सकाळी मामाजींना सांगितलं. हैदराबाद, एक महिना, मी जाते आहे.
“त्याले सांगतलं का?”
“नाही. तुम्हीच सांगा.”
“मी? मी कावून सांगू? तू सांग!”
“मी गेल्यावर पाणी, औषध, रेडिओ, कोणाच्या तोंडानं बोलणार आहात?”
 काठी घेऊन फाटकापर्यंत गेले, परत आले.
दुपारी हे शिफ्टवरून आले. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. मामाजी उठल्याचं कळलं, काठी वाजली. मग त्यांचा आवाज, घसा खरखरलेला, पण स्पष्ट: “तुयी बायको हैदराबादले जाऊन राहिली. महिनाभर.”
घरात कूलर तेवढा घरघरत होता.
मग ह्यांची हाक आली, माझ्या नावानं: “काय म्हनून राहिले वं बाबा?”
बाप दोन हातांच्या अंतरावर उभा. ह्यांना सगळं ऐकू आलेलं.
मी पीठ मळत राहिले. ह्यांनी पुन्हा विचारलं.