वाचनालयाच्या अंगणातली धूपघडी

चाचा,

सहा फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी चाळीस माणसांसमोर खोटं बोलले. तुमच्या धूपघडीप्रमाणे, म्हणजे उन्हाच्या सावलीवर चालणाऱ्या घड्याळाप्रमाणे, तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती, कारण फेब्रुवारीत ती मनगटावरच्या घड्याळापेक्षा सत्तावीस मिनिटं मागे चालते. ती घडी आहे हेसुद्धा या गावात आता मी सोडून कुणालाही माहीत नाही, आणि नेमकं हेच मला विचारलं गेलं होतं. वाचनालयाच्या अंगणात पंचनामा चालू होता. घडीसाठी तुम्ही बसवलेल्या दगडी चौथऱ्याभोवती दोन गट उभे होते, मध्ये फाईल घेतलेला एक तरुण अधिकारी. "हे काय आहे, कोणी बांधलं, कोणाला माहिती आहे का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बाईले विचारा ना! बाई तं लहानपणापासून इथीच येऊन राह्यल्या." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "मले काई माहीत नाई." सदतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि 'मले' म्हणणाऱ्या पोरांना 'मला' म्हणायला लावलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घासूनपुसून दिलेली माझी जीभ भीतीने एका क्षणात आईच्या चुलीपाशी परत गेली.

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा क्रमाने सांगते. धूपघडीचा पितळी काटा तुमच्या पाठोपाठ दोन वर्षांत चोरीला गेला. राहिला तो लांबट, सपाट दगड आणि त्यावरच्या रेघा. तुम्ही बाहेरच्या बाजूने देवनागरी आकडे कोरले होते आणि आतल्या बाजूने उर्दू. बाहेरच्या कडेवर लोक बसले, पेपर वाचले, विळे घासले. देवनागरी आकडे झिजून गेले. आतले उरले. काटा नसलेला, उर्दू आकड्यांचा, माणसाच्या लांबीचा दगड. लोकांना तो काय वाटणार? परीक्षेला जाणारी पोरं पाया पडू लागली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने उदबत्ती लावली. कुणी हिरवी चादर घातली, कुणी हळदकुंकू वाहिलं. 'वाचनालयवाले बाबा' नवसाला पावतात म्हणे. मी बघत होते आणि हसत होते, हा माझा पहिला गुन्हा. तेव्हाच बोलले असते, तर भाजीवाली फार तर रुसली असती. आता एक गट म्हणतो, सरकारी जागेत कबर उगवली, उखडा. दुसरा म्हणतो, बाबा तीनशे वर्षांपासून इथेच आहेत, घुमट बांधा. घड्याळ दोघांनाही नको आहे.

मला आठवतो तो मे महिना. मी बारा वर्षांची, कॉन्व्हेंटच्या गणवेशात, तुमच्या ओसरीवर. तुम्ही जंगलखात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले, एटापल्लीच्या रानात मोजणीची साखळी ओढून पाय वाकलेले, आमचे शेजारी. मी फणकारून सांगते की सिस्टरांनी आज शिकवलं, ग्रीक लोक गेल्यावर हजार वर्षं विज्ञान झोपलं होतं, मग युरोपात जागं झालं. तुम्ही पान लावता लावता थांबता. "कोण झोपलं होतं? त्याइच्या घरी रात होती म्हणून साऱ्या दुनियेत रात?" मग तुम्ही सांगू लागता. बगदादला इथले ज्योतिषाचे ग्रंथ कसे गेले, शून्यासकट आकडे कसे गेले, तिथे लोकांनी ते तपासले, चुका काढल्या, भर घातली, आणि मग ते पुढे गेले. "धान आपलं, गिरणी त्याइची, भात साऱ्याइचा," तुम्ही म्हणता. मध्य आशियातल्या ख्वारिझमचा एक विद्वान पंजाबातल्या किल्ल्यावर चढतो, डोंगराची उंची मोजतो, क्षितिज किती खाली दिसतं तो कोन घेतो, आणि एवढ्यावरून पृथ्वीचा घेर काढतो. तोच माणूस पंडितांजवळ बसून संस्कृत शिकतो. मी विचारते, "खरंच?" तुम्ही कागद पुढे सरकवता. "मह्यावर कायले भरोसा ठेवतं? करून पाहा." दोन दिवस मी ते गणित करते आणि उत्तर आल्यावर अंगावर काटा येतो.

त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तुम्ही मला तुमच्या घरच्या अंगणात उभं करता. आपल्या गावचं ऊन तुम्हाला सांगायला नको. चाची दारातून ओरडते, "पोरीले मारता का? उन्हाळी लागंन तिले!" तुम्ही ओळंबा लावून सरळ रोवलेल्या काठीकडे बोट दाखवता. सावली बोटभर उरते, नखभर उरते, आणि नाहीशी होते. काठी आहे, ऊन आहे, सावली नाही. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, पण दुसऱ्या वेळी पावसाळी ढग असतात, म्हणून हा दिवस चुकवायचा नसतो, हे तुम्ही सांगता. मग सावली पुन्हा फुटते, वाढते, आणि ती काठीच्या दुप्पट झाली की असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ. ती वेळ दाखवणारी वाकडी रेघ तुम्ही वाचनालयातल्या दगडावर कोरली, आणि तिच्यासाठी वर्षभर माझ्याकडून रोज सावली मोजून घेतली. मशिदीत तेव्हा हैदराबादचं छापील वेळापत्रक लागायचं आणि तुम्ही दर रमजानात मौलवीसाहेबांशी दोन-तीन मिनिटांवरून भांडायचात. "सूर्य काय हैदराबादेत नोकरी करून राह्यला? आपल्या इथी तो आधी बुडते!" चाची लाखोळीच्या डाळीचे वडे पुढे करून म्हणायची, "तोवर हे थंडे होऊन राह्यले, ते मोजा."

एकदा मी सावली मोजायला गेलेच नाही. ताप होता असं नाही, कंटाळा आला होता. आदल्या आणि पुढच्या दिवसाच्या मधला आकडा काढला आणि वहीत घातला. तुम्ही वही पाहिली आणि विचारलं, "त्या दिवशी दिवसभर आभाळ होतं. सावली कुठून आणली?" आवाज चढवला नाहीत. त्या ओळीवर रेघ मारली आणि समोर लिहिलं, 'नोंद नाही'. नंतर आठवडाभर माझ्याशी गणिताशिवाय एक शब्द बोलला नाहीत. मी तेव्हाही तुम्हाला म्हातारा खविस म्हटलं होतं, मनात. आजही म्हणते. असल्या माणसाने शिकवलं की माणसाला धड सुखाने घाबरताही येत नाही.

कारण मी घाबरले आहे, चाचा. पंचनाम्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पाया पडला. मी चहा केला. कप खाली ठेवून म्हणाला, "बाई, तुम्ही त्या म्हाताऱ्या चाच्याकडं शिकवणीले जात होत्या म्हणते. खरं हाय का?" मी विचारलं, कोण म्हणतं. "गावात बोलून राह्यले. बाई, तुम्ही एकट्याच राहता ना इथी? जिन्यावर लाईट काऊन नाई लावला? पडसान एखाद्या दिवशी." किती मऊ बोलत होता. याच पोराला मी सातवीत दशांश अपूर्णांक शिकवले होते. संध्याकाळी भाजीवालीने मला कोथिंबीर दिली नाही. म्हणाली, "बाबाले घडी म्हणून राह्यल्या म्हणे तुम्ही! बाबा पाहून घेतीन." म्हणजे मी गप्प बसले तरी बोलल्याची बातमी दोन्हीकडे पोचली होती. तेव्हापासून दाराची कडी मी दोनदा तपासते. फोन वाजला की आधी खिडकी लावते, मग हॅलो म्हणते. तुमच्या हातच्या खुणा असलेली सावलीची वही गव्हाच्या डब्यात खाली घातली, मग काढली, मग परत घातली. साठी उलटलेली बाई, जिला पाहून शिक्षणाधिकारी खुर्चीतून उठायचे, ती आपल्याच घरात वही लपवते आहे. संताप येतो, आणि संतापाच्या खाली भीतीच असते.

शेवटी लाज जिंकली, की 'सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी हरकती व दुरुस्त्या स्वीकारल्या जातील' ही नोटीस जिंकली, माहीत नाही. मी निवेदन लिहिलं. काट्याचा कोन वीस अंश का होता, कारण आपलं गाव विसाव्या अक्षांशावर आहे. कोणती रेघ कशाची. सोबत वहीच्या नकला. गणित इतकं पक्कं आहे की शाळेत शिकलेल्या कुणालाही ते नाकारता येणार नाही. काल दुपारी जाऊन देऊन आले. फाईलवाला तरुण वाचत गेला आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "म्हणजे हे वैज्ञानिक साधन आहे! बाई, हा दगड वाचू शकतो." मग विचारलं, "बनवलं कोणी?" निवेदनात लिहिलं होतं: 'जंगलखात्याच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने.'

हे तुम्हाला सांगण्यासाठी पत्र लिहायला बसले. कबरस्तानाला पिनकोड नसतो, तेव्हा पेटीत टाकायचा प्रश्न नाही. तुमचं नाव मी मुद्दाम गाळलं. नाव आलं की गणित कुणी वाचणार नाही. एक गट म्हणेल, बघा, त्यांचंच होतं, आणि दुसराही तेच म्हणेल, फक्त 'आमचंच'. नाव नसेल तर दगड कदाचित वाचेल. हे खरं आहे, आणि जिन्यावरच्या लाईटबद्दल मला परत कुणी विचारू नये, हेही खरं आहे. पण तुमच्या लोकांची जी विद्या तुम्हाला सगळ्यात थोर वाटायची ती आकाशाची नव्हती. जुने विद्वान कुठलीही खबर लिहिताना आधी नावांची साखळी लिहायचे, मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, आणि एक नाव गळलं तर खबर कमजोर ठरायची, ती कितीही खरी असो. ऐकलेल्या चार शब्दांसाठी ते महिनोन्‌महिने प्रवास करत, असं तुम्ही डोळे मिटून सांगायचात. माझं निवेदन त्या मोजमापाने कमजोर आहे. साखळीतलं शेवटचं नाव माझं आहे, ते मी ठळक अक्षरात, पदवीसकट लिहिलं. त्याच्या वरचं नाव नाही.

तर चाचा, तुम्ही हे ठरवा. दुरुस्तीचा अर्ज तयार आहे, त्यात एकच ओळ आहे. नाव घालायचं की नाही ते सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. तोंडी, स्वप्नात वगैरे चालणार नाही. मुदतीत उत्तर आलं नाही तर नाव गाळायला तुमची काही हरकत नव्हती असं मी स्वतःला समजावून देईन. ते मला जमतं, हे मला याच महिन्यात कळलं आहे. म्हणून उत्तर द्या.