विमानातला निवृत्ती

१० जानेवारी १९४४
चिखलीच्या बाजारात सरकारी मोटार लढाईचा बोलपट दाखवणार. इंग्रजी. मराठीतून सांगायला माणूस हवा होता. मीच तो! मॅट्रिक नापास असलो तरी माझं इंग्रजी फर्स्ट क्लास. साहेबाचं निम्मं बोलणं समजलं. उरलेलं त्याच्या तोंडातल्या पाइपामुळे राहिलं. काम जमलं की नोकरी कायम. बायको कोकिळा माहेरी जाऊन बसली आहे. "नोकरी लागल्याबगर येत नाही," म्हणते. बघतोच.

११ जानेवारी
सासुरवाडीला, धाड गावी, जाऊन आलो. सासूबाईंना म्हटलं, तुमचा लेक निवृत्ती फौजेत आहे, पडद्यावर दाखवतो. "येतो मंग पाहाले," म्हणाल्या. बोललो ते बोललो. आता माघार नाही.

१३ जानेवारी
सराव करणार होतो. झोप लागली. सराव कच्च्या माणसांनी करावा.

१६ जानेवारी, सकाळ
काल खेळ झाला. मायलेकी बैलांच्या दमणीतून आल्या होत्या. विमानं शत्रूच्या कारखान्यावर बॉम्ब टाकायला निघतात, एवढं ओळखलं. बाकी सगळं मी रचलं. लोक खूश. पण पडद्यावर सगळे गोरे! शेवटी एका विमानाच्या शेपटीत तोफेपाशी बसलेला एक सापडला. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. ओरडलो, "हा पाहा आपला निवृत्ती!" टाळ्या. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.
तेवढ्यात विमानाला गोळा लागला. मी रंगात आलेलो. "पेटलं! गेला बेटा! बोला राम!" असं ठसक्यात म्हणून गेलो. मग आठवलं, आत कोण बसवलाय. लगेच म्हटलं, निवृत्तीनं उडी मारली! पडद्यावर कोणीच उडी मारेना. सासूबाईंनी हंबरडा फोडला. खेळ थांबला.
चूक बोलपटाची आहे.

१८ जानेवारी
साहेबानं दुसरा माणूस नेमला. मलाच नको होती असली नोकरी. निरोप आला, सासूबाई अजून गुमसुम आहेत, कोकिळा येणार नाही. निवृत्तीला काय मी मारलं? माफी मागणार नाही. कदापि नाही.

२४ जानेवारी
निवृत्ती रजेवर आलाय! धडधाकट! धावत धाडला गेलो. छाती काढून म्हटलं, सांगितलं नव्हतं, उडी मारली म्हणून? निवृत्ती म्हणाला, "कायची उडी, भाऊजी? मी जबलपूरले लंगरात कांदे कापतो." सासूबाईंना हे दिवाळीपासून माहीत होतं.
मग रडलात कशाला, असं जोरातच विचारलं.
म्हणाल्या, "तेही कोनाचं तरी लेकरूच होतं ना, जवाईबुवा. अन् तुम्ही हासू हासू सांगून राह्यले होते."
मी हसत होतो, असं मला आठवत नाही. कोकिळेला विचारलं.
म्हणाली, "हाव, हासत होते."