लग्नाआधीचं नाव

१४ ऑगस्ट १९९१

आई हाकेला ओ देत नाही. "आई" म्हटलं की दाराकडे बघते, दुसऱ्याच कुणाची आई आली असावी तसं. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, या वयात मेंदू असा मागे मागे जातो, नावानं हाक मारून बघा.

"जानकी" म्हटलं. आईला नावानं हाक, माझ्या पन्नाशीत पहिल्यांदा. जीभ अडली. तिनं मान वळवली नाही.

१९ ऑगस्ट

मला "ताई" म्हणते. अहो-जाहो करते. "ताई, चहा छान होता हो तुमचा. आता मला घरी सोडा."

ताट वाढलं तरी पानावर येत नाही. भिंतीशी बसून राहते.

"जेवायला चल ना."

"मला हाक आली नाही अजून."

मग मीच भरवते. चार घास. पाचव्याला तोंड मिटते. परक्या घरी किती खायचं, म्हणते.

२६ ऑगस्ट

कॉलेजातून आले तर दार सताड उघडं. आई नाही. हे ऑफिसात. मी आणि शेजारच्या कांताबेन दोघी शोधायला निघालो. रस्त्यावर उभी राहिल्यावर कळेना, ओरडायचं काय. "आई" ओरडले. भाजी घेणाऱ्या दोघी-तिघी वळल्या. "जानकीबाई" ओरडले. कोणीच नाही.

जवळच्या खारी गावात सापडली. एका ओटीवर, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, पाहुणी आल्यासारखी. त्या घरचा म्हातारा म्हणाला, "कवाधरना इचारतंय, नाव सांगत न्हाय. म्हनते, सांगाचं नसतं."

रिक्षात विचारलं, का नाही सांगायचं?

"सासूबाई रागावतात. ते नाव माहेरी ठेवून ये म्हणाल्या."

कांताबेन माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जानकी तो सासरे का हुआ ना. पहले का नाम क्या था बा का?"

मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही.

२८ ऑगस्ट

एसटीडी बूथवरून मामाला फोन, राजापूरला. त्याला हल्ली कमी ऐकू येतं. बूथमधली सगळी माणसं माझ्या आईचं नाव ऐकायला थांबल्यासारखी.

"आक्काचं नाव? जानकी."

"त्याच्या आधीचं. लग्नाआधीचं."

मग म्हणाला, "माझा जन्म तिच्या लग्नानंतरचा गो. आम्ही आक्काच म्हणायचो. आम्हाला वळण लागावं म्हणून आई-बाबाही आक्काच म्हणत."

"दुसरं कोणाला माहीत असेल?"

"आता मीच सगळ्यांत म्हातारा."

१ सप्टेंबर

हे म्हणाले, "कशाला खणत बसतेस? रेशनकार्डावर जानकी आहे, पुरे."

"ती ओ देत नाही त्याला."

"तुला तरी तुझ्या जुन्या नावानं कोण हाक मारतं? अडलंय का काही?"

चिडून नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

लग्नात यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं "वसुधा" लिहिलं. यांच्या आवडीचं. मलाही आवडलं होतं. माहेरची कुसुम, तांदूळ हलवले तशी, गेली. आईनंही त्या दिवसापासून कुसुम म्हणणं सोडलं. एकदा चुकून तोंडातून आलं तेव्हा जीभ चावली. जावयांना काय वाटेल.

आईला जानकी तरी कोण म्हणालं? बाबा "अगं". आजी "धाकटी". चुलते "वहिनी". आळीत ती माझी आई. इथे शेजारणींची बा, माँजी. साऱ्या जन्मात तिला नावाची गरज पडली नाही. आता पडली आहे, तर...

८ सप्टेंबर

संध्याकाळी ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसून एकेक नाव म्हणत गेले. गोदा. यमुना. चंपा. भिवरा. सुंदरा. तिचे हात चाललेले. द्वारका. ठकू.

हात थांबले.

पुन्हा म्हटलं, "ठकू?"

तिनं जुडीतली काडी माझ्यापुढे धरली. "अळी आहे बघा. नीट बघून घेत जा हो, ताई."

१५ सप्टेंबर

कांताबेनच्या सुनेचं डोहाळजेवण. आईला नेलं. तिथल्या एका मराठी बाईनं थट्टेत म्हटलं, "आजी, नाव घ्या की." आईनं पदर सारखा केला, ताठ बसली.

"तुळशीला घालते पाणी पहाटेच्या प्रहरी, गोविंदरावांचं नाव घेते सासूबाईंच्या घरी."

एक अक्षर अडखळलं नाही. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. बाबांचं नाव ती उखाण्याबाहेर कधी बोलली नाही. ते मात्र तिच्या लक्षात आहे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी घाईनं विचारलं, "आणि आजी, तुमचं?"

"माझं कुठं असतं उखाण्यात?" म्हणाली. पुन्हा सगळ्या हसल्या. मीही.

२३ सप्टेंबर

वजन उतरलंय. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टरांनी टॉनिक बदललं. त्यांना म्हटलं, ती हाकेसाठी थांबली आहे. "बोलवा मग," म्हणाले. पुढचा पेशंट आत आला.

२९ सप्टेंबर

खोटं बोलायचं ठरवलं. म्हटलं, मला तुझ्या माहेराहूनच पाठवलंय, नाव सांग, म्हणजे हाक मारायला बरं. सासूबाई काही म्हणणार नाहीत, त्या गेल्या.

"कधी?"

मी चुकले हे तेव्हाच कळलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि रडू लागली. जेवली नाही. सुतकात गोड नको म्हणून दूधही नाही.

हे म्हणाले, "नको गं आता विचारूस."

बरं म्हटलं.

६ ऑक्टोबर

दुपारी ताट वाढून तिच्यासमोर बसले. वरणभात, लिंबू. काही विचारायचं नाही असं ठरवून.

तीच बघत होती माझ्याकडे. मग म्हणाली, "तुझं नाव काय गं?"

एकेरी. किती दिवसांनी.

वसुधा म्हणणार होते. कुसुम म्हटलं.

"चांगलं आहे. कोणी ठेवलं?"

"आईनं."

"मग जा ना तू. ती हाक मारत असेल जेवायला."

"आणि तू?"

"मला अजून आली नाही."

भात निवत होता. त्यावर दुसरं ताट झाकलं आणि तिथेच बसून राहिले.