नसेवरचं करवंद

सोमवार, ३ फेब्रुवारी
नवीन काम लागलं. मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, पण आत एसी, लख्ख फरशी. झकास. नर्सिंग होमच्या बेडपॅनमधून सुटले एकदाची. इथे डोक्यातल्या नसांवर संशोधन चालतं. नस एका जागी पातळ होते, तिथे फुगा येतो, फुटला की माणूस गेला. तो का येतो आणि कसा बंद करायचा, हे डॉक्टर सुशांत शोधतात. डोक्याच्या फोटोवरून मशीन नसांचं तस्संच रबरी मॉडेल काढतं, आरपार दिसणारं. त्यातून पंपाने लाल पाणी फिरवतात, अगदी कोकम सरबत. ती मॉडेलं धुवायची, फरशी पुसायची, एवढंच काम. ही वही लेकीने, मानसीने दिली. म्हणाली, आई, सगळ्यांवर ओरडतेस त्यापेक्षा लिही. कार्टी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
डॉक्टर आधी मॉडेलवर हात बसवतात. मांडीच्या सांध्यातून नसेत तार घालून वर डोक्यापर्यंत न्यायची (मॉडेलला तेवढी लांब नळी जोडतात) आणि फुग्यात तारेचं बारीक वेटोळं भरायचं, की तो बंद. सराव झाला की पंपाचा दाब वाढवत नेतात, फुगा किती सोसतो ते फोडूनच बघतात. फट्ट! सगळं लाल पाणी माझ्या पुसलेल्या फरशीवर. मशीन सांभाळणाऱ्या विनिताला झापलं. ती म्हणते, मावशी, आधी तुमचंच प्रेशर मोजू या.

सोमवार, १० फेब्रुवारी
त्यांना तुलनेला निरोगी डोकी हवी होती. म्हटलं, माझं घ्या, नाहीतरी रिकामंच आहे. एमआरआयच्या नळीत ठणाठणा आवाज. तरी झोप लागली, इतकी दमलेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
फुगा निघाला. माझ्या डोक्यात. बारक्या करवंदाएवढा. डॉक्टर म्हणाले, प्रेशर, वर मिशरी, आणि घरात कुणाला होतं का? आई चुलीपुढे बसल्या बसल्या गेली होती. गावात म्हणाले, बाहेरचं लागलं. डॉक्टर म्हणाले, हेच असेल. घाबरू नका, पुढच्या महिन्यात तार घालून बंद करू. तोवर मिशरी बंद आणि चिडायचं नाही.
चिडायचं नाही म्हणे. मग पाण्याचा टँकर यायचा कसा आमच्या चाळीत?

सोमवार, १७ फेब्रुवारी
माझं मॉडेल आलं. विनिताने हौसेने हातात दिलं. धुताना बघते तर त्यातलं करवंद नाडीसारखं उडतंय. पंप नाही, पाणी नाही. दुसरा हात मानेला लावला. ठोका एकच. विनिता म्हणाली, मावशी, तुमच्याच बोटाची नाडी लागतेय. असेल. दमलेय मी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
लिफ्टवाल्याशी भांडले. वर आले तर करवंदाचं बोर झालेलं. भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी. डॉक्टरांनी मोजलं, म्हणाले होतं तेवढंच आहे. मला दिसतंय ना! डोळ्यामागे कळ. चूप बसले. कळ उतरली, बोरही उतरलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
आज माझ्या मॉडेलवर सराव. मी मोरीत फडकं पिळत होते. मांडीतून काहीतरी वर सरकलं. पोटातून — मानेतून — डोळ्यामागे येऊन थांबलं. आत डॉक्टरांनी तार बाहेर काढली, तेव्हा गेलं.
उद्या फोडणार. हात जोडले. हळू बोलले, जन्मात पहिल्यांदा. डॉक्टर हसले. म्हणाले, रबर आहे हो मावशी, तुमच्याच भल्यासाठी चाललंय. ओरडायचं होतं — ओरडून चालत नाही —

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
मॉडेल काल पिशवीत घालून घरी आणलं. उशीवर ठेवलंय. शेजारी मी. कामावर गेले नाही. मानसीने दूध उतू घालवलं, तरी बोलले नाही. तीच घाबरली. गप्प राहून अंग मोडून आलंय. पण ठोका संथ. उशीवरची आणि मी, दोघींचा. वाचले.

दुपार
विनिताचा फोन. म्हणाली, मॉडेल नेलंत ना? राहू दे तुम्हाला, सर रागावले नाहीत. फाइल आहे, मशीनने दुसरं काढलं — आत्ताच पंपावर चढवलंय —
थांबव म्हटलं. पंपाच्या घरघरीत ऐकू येईना तिला. मागे डॉक्टर सांगतायत, अजून वाढवा —
उशीवरचं तसंच आहे. बारीक. संथ. डोळ्यामागे मात्र —
कानात गरम. ओरडले तर — नाही ओरडले तर तिला ऐकू —
मानसी दारात. तिला सांगायचंय की फोन घे आणि त्यांना